मंगळवारचा चाकू

मंगळवारी सकाळी दहाला पाच कमी असताना खटकेकाका कचेरीच्या दारातल्या नव्या यंत्राच्या कमानीखालून गेले आणि कमान कोकलायला लागली.

"मागे या," पहारेकरी म्हणाला.

काका मागे गेले नाहीत. कमानीच्या बरोबर मधोमध उभे राहिले. त्यामुळे कमानही थांबेना.

"खिशात काय आहे?"

"चाकू."

खिशात चाकू असलेला माणूस चाचरतो, घाम पुसतो, नजर चुकवतो, असं पहारेकऱ्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. रुमाल आहे म्हणावं तसं चाकू आहे म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

खटकेकाका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत. बाकी सगळे पडद्यावर काढत, काका कागदावर. जुने नकाशे हातानं दुरुस्त करणारे ते एकटेच उरले होते आणि पेन्सिल चाकूनंच तासली पाहिजे या मताचेही ते एकटेच होते. शार्पनर पेन्सिलीला टोक काढत नाही, नुसतं तोंड काढतो, असं ते म्हणत. घरी त्यांच्याकडे घडीचे एकतीस जुने चाकू होते. शिंगाच्या मुठीचे, पितळेचे, एक शिंपल्याचा. त्यातले सात कामावर होते, आठवड्याच्या एकेका वाराला एक. उरलेले चोवीस रजेवर. चाकू कपाटात ठेवला की मरतो, तो खिशातच पाहिजे, हे काका कुणी विचारलं नाही तरी सांगत. पेन्सिल तासून झाली की खट्‌ असा आवाज करून तो मिटत. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं ते त्यामुळेच.

"घरात एकतीस चाकू," त्यांची बायको शेजारणीला सांगे, "आणि मी कांदा चिरते तो दांडा तुटलेल्या सुरीनं. यांचा एकही स्वयंपाकाला घ्यायची सोय नाही. कांद्यानं पातं काळं पडतं म्हणे."

पहारेकऱ्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी आदल्याच दिवशी संध्याकाळी, कमानीबरोबर लागली होती. दोन इंचांहून लांब पात्याची वस्तू आत नेण्यास मनाई आहे. अशी वस्तू दारात जमा करावी. जमा झालेल्या वस्तू दर शनिवारी भंगारात काढल्या जातील.

"वाचलंत? करा जमा."

"भंगारात?" काका म्हणाले. "हा माझ्या वडिलांचा चाकू आहे. चाळीस वर्षं त्यांच्या खिशातून आणि चोवीस माझ्या, याच कचेरीत, याच दारातून आत गेलाय. तुमची कमान कालची आहे."

"मग उघडून दाखवा. मी मोजतो. दोन इंचांच्या आत असेल तर खुशाल न्या."

"उघडणार नाही."

"का?"

"तुमचा नियम पात्याबद्दल आहे. तुम्हाला पातं दिसतंय?"

काकांनी खिशातून काढून पुढे धरलेला चाकू पहारेकऱ्यानं निरखला. चार इंचांची पिवळट हाडाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि मधे एक काळीकुट्ट फट. "दिसत नाही," त्याला कबूल करावं लागलं.

"मग कशाबद्दल बोलतोय आपण?"

"मी उघडतो."

"जमलं तर उघडा," काका म्हणाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

पहारेकऱ्यानं नख घातलं. नख धरायची खाच इतक्या वर्षांत घासून बुजली होती आणि आतली स्प्रिंग काकांच्याच स्वभावाची होती. पहिल्या झटक्याला नख तुटलं. मग त्यानं नाणं घालून पाहिलं, ते उडून कमानीखाली गेलं आणि कमान पुन्हा कोकलली. पाच मिनिटांनी त्यानं अंगठा तोंडात घातला आणि चाकू काकांच्या हातावर ठेवला.

"उघडल्याशिवाय आत सोडणार नाही," तो म्हणाला.

"मी गेलोच नाही तर तुम्ही सोडणार कसं?" असं म्हणून काका दाराबाहेरच्या पायरीवर बसले. लेट मार्क लागला तर लागू दे. चोवीस वर्षांत पहिला लागेल. त्यांना त्याचंही काही वाटत नव्हतं, किंवा निदान चेहऱ्यावरून तसं दिसत नव्हतं.

आता हे इथंच मिटलं असतं. काकांनी एक दिवसाची रजा टाकली असती आणि दुसऱ्या दिवशी बुधवारच्या चाकूवरून नव्यानं भांडण काढलं असतं. पण साडेदहाला कचेरीसमोरच्या चौकात जमिनीखालची जुनी मोठी पाइप फुटली.

आधी रस्ता नुसता ओला दिसला, मग पाणी वाहायला लागलं. खोदणारी माणसं आली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो व्हॉल्व्ह कुठे आहे हा. तो बंद केल्याशिवाय पाणी थांबणार नव्हतं. व्हॉल्व्ह रस्त्याखाली गाडलेला, पाइप टाकली तेव्हाचा. पडद्यावरच्या नकाशात तो नव्हताच. तो एकाच कागदावर होता, तो कागद नकाशांच्या खोलीत होता, आणि त्या खोलीची किल्ली पायरीवर बसलेल्या माणसाच्या खिशात होती.

मॅडम, म्हणजे कचेरीच्या मुख्य, स्वतः खाली आल्या.

"काका, हे काय चाललंय? वर चला."

"मी तयार आहे, मॅडम. हे सोडत नाहीत."

"यांना सोडा," मॅडम पहारेकऱ्याला म्हणाल्या.

"मॅडम, मी एजन्सीचा माणूस. मला लेखी पाहिजे, आणि तेही आमच्या साहेबांच्या सहीनं. ते गावाला गेलेत."

"बरं, काका, किल्ली तरी द्या. मी शिपायाला पाठवते."

"किल्ली माझ्या नावावर आहे. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, असा नियम आहे. तुमच्याच सहीचा." काकांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. "आज नियमांचा दिवस आहे. पाळू या सगळेच."

"मग तोंडी सांगा, व्हॉल्व्ह कुठे आहे ते."

"तोंडी?" काकांना हे चाकू जमा करण्यापेक्षाही वाईट वाटलं. "नकाशावाला तोंडी सांगत नाही, मॅडम. साधारण तिकडे आहे असं मी सांगायचं आणि त्यांनी भलतीकडे अर्धा रस्ता खणायचा. माझ्या वडिलांनी तो व्हॉल्व्ह कोपऱ्यापासून फुटाफुटानं मोजून काढलाय. कागद बघूनच सांगेन."

तेवढ्यात पाणी पायरीपाशी आलं. काका एक पायरी वर सरकले. पाणी वळसा घालून कमानीखालून आत शिरलं, आणि लोखंड नसल्यामुळे कमान त्याला काही बोलली नाही. पहारेकऱ्यानं बूट वाचवायला पाय खुर्चीवर घेतले, रजिस्टर मांडीवर घेतलं.

"काका, एक सेकंदाचं काम आहे," मॅडम हात जोडायच्या बेतात आल्या होत्या. "उघडा आणि मिटा. आम्ही कुणी बघत नाही."

"हे बघणार ना. यांना मोजायचंय."

"मग मोजू देत की. एवढं काय आहे त्यात?"

काकांचा चेहरा ताठ होता, पण मूठ खिशात घट्ट झाली होती. बाईमाणसाच्या नजरेतून हे सुटत नाही. मॅडमनी फोन काढला आणि काकांच्या घरी लावला.

काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पंधरा मिनिटांत काकू आल्या, एका हातात चपला, दुसऱ्या हातात साडीचा काठ, घोटाभर पाण्यातून.

"अहो, गॅसवर भाजी टाकून आलेय मी. काय चालवलंय हे?"

"तू घरी जा. हे माझं आणि यांचं आहे."

"तुमचं आणि यांचं? गल्लीतल्या सगळ्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलंय. आणा तो इकडे."

खटकेकाका कमानीला भ्यायले नव्हते, पहारेकऱ्याला नाही, मॅडमना नाही. बायकोनं हात पुढे केल्यावर मात्र त्यांनी चाकू मुकाट्यानं त्या हातावर ठेवला.

काकूंनी खाचेत नख घातलंच नाही. मुठीचं पितळी टोक तळहातात दाबलं, तशी पात्याची पाठ फटीतून किंचित वर आली, ती दोन बोटांनी धरली आणि चाकू सहज उघडला. पहारेकऱ्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"दर रविवारी तेल कोण घालतं यांना?" काकू म्हणाल्या. "एकतीसच्या एकतीस."

उघडल्या चाकूकडे सगळे बघत राहिले. चार इंचांच्या त्या मुठीतून जेमतेम बोटाच्या पेराएवढं पातं बाहेर आलं होतं. बारीक, झिजलेलं, गवताच्या पात्यासारखं. पहारेकऱ्यानं पट्टी लावली.

"सव्वा इंच," तो म्हणाला. "काका, हे तर नियमात बसतंय. पहिल्यांदाच दाखवलं असतंत तर दहालाच आत गेला असतात."

"म्हणूनच नाही दाखवलं," काका म्हणाले. आता त्यांना बोलावंच लागलं. "अहो, तीन इंचांचं पातं होतं हे. वडिलांनी चाळीस वर्षं पेन्सिली तासल्या यानं. दर शनिवारी दगडावर घासायचे. एकदा टोक मोडलं, तर मागे घासून नवं काढलं. या गावाखालचा एकेक नळ त्यांनी याच पात्यानं काढलाय, ते झिजलं ते त्यात. आणि तुम्ही त्याला पट्टी लावून म्हणणार, चालतंय. खेळणं आहे, न्या आत. हे मला ऐकायचं नव्हतं."

काकूंनी पदरानं पातं पुसलं.

पहारेकरी खजील झाला होता, पण रजिस्टर मांडीवर होतं आणि त्यात रकाना होता. "नोंद तर करायला लागेल," तो हळू आवाजात म्हणाला. "काय लिहू? इतर किरकोळ वस्तू असं लिहितो. म्हणजे प्रश्न नाही."

"किरकोळ?" काका पुन्हा पायरीवर बसले. "चाकू लिहा."

"चाकू लिहिला तर दोन इंचांहून मोठा असं धरतात. जमा करावा लागेल."

"लिहा."

"काका," मॅडम म्हणाल्या, "पाणी माझ्या गुडघ्याला लागेल आता."

"आधी नोंद. मग व्हॉल्व्ह."

पहारेकऱ्यानं रजिस्टर आणि पेन्सिल दोन्ही त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच लिहा. मला नको."

काकांनी पेन्सिल पाहिली. बोथट होती, शार्पनरनं काढलेली. त्यांनी चाकू घेतला, चार झटक्यांत तिला सुईसारखं टोक काढलं आणि वर्णनाच्या रकान्यात चित्र काढायला लागले. मूठ, पितळ, सव्वा इंचाचं पातं, सगळं ठळक रेघेत आणि मापात. मग पात्याच्या पुढे, जिथं आता काही नव्हतं तिथं, त्यांनी तुटक रेघेत उरलेलं पातं काढलं, पार जुन्या टोकापर्यंत. जे पूर्वी होतं आणि आता दिसत नाही ते तुटक रेघेत दाखवायचं, ही त्या कचेरीतली रीत होती. वडिलांचीच.

"किती इंच लिहू?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"ठळक सव्वा. तुटक तीन. तुमच्या नियमात तुटक रेघेबद्दल काही आहे?"

पहारेकऱ्यानं पाटी पुन्हा वाचली. नव्हतं. त्यानं कमान बंद केली आणि बाजूला झाला. काका चाकू खट्‌ मिटून ताठ मानेनं आत गेले, नकाशा घेऊन आले, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी व्हॉल्व्ह सापडला. कोपऱ्यापासून चौदा फुटांवर, तुटक रेघ होती तिथंच.

बुधवारी काका कचेरीत आले तेव्हा काकूही बरोबर होत्या. बाजाराला जायचंय, रस्ता एकच आहे, असं त्या म्हणाल्या. काकांच्या खिशात बुधवारचा चाकू होता, शिंगाच्या मुठीचा, पूर्ण पात्याचा. काल जिंकलेला माणूस आज माघार घेणार नव्हता. कमान कोकलली.

"उघडणार नाही," काका विचारायच्या आधीच म्हणाले.

"नका उघडू," पहारेकरी म्हणाला. त्याचा आवाज फार नरम होता. त्यानं टेबलाच्या खणातून पाच बोथट पेन्सिली काढून काकांपुढे मांडल्या. "कालच्या त्या पेन्सिलीला काय टोक आलं होतं, काका. दिवसभर मोडली नाही. मुलीला पण दाखवली. एवढ्या तासून दिल्यात तर बरं होईल. शार्पनरनं नुसतं तोंड निघतं, टोक निघत नाही."

हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांना गहिवरून आलं. त्यांनी खिशातून चाकू काढला, उघडला आणि पहिली पेन्सिल हातात घेतली.

पहारेकऱ्यानं पात्याला पट्टी लावली. "साडेतीन. सॉरी, काका. जमा."

काकांनी मान वळवली. काकू मागेच उभ्या होत्या, हातातली पिशवी उघडून. पहारेकऱ्याशी त्यांची नजरानजर झाली ती पहिलीच नव्हती.

"भंगारात कशाला," त्या म्हणाल्या, "मी नेते की घरी."

काकांनी थोडा वेळ पिशवीकडे पाहिलं, थोडा वेळ पाटीकडे. मग चाकू मिटून पिशवीत टाकला, पाचही पेन्सिली उचलल्या, दुसऱ्या खिशातून मंगळवारचा काढून टेबलावर टेकले आणि त्या सगळ्या एकेक करून तासून दिल्या. पहारेकऱ्यानं आदल्या दिवशीच्या चित्राखाली "तोच" असं लिहिलं.

काकू रस्त्याला लागल्या तेव्हा काकांनी त्यांना हाक मारली.

"कांदा चिरलास की लगेच पुसून ठेव. आणि लिंबाला अजिबात लावायचा नाही."

"बघते," काकू वळून न बघता म्हणाल्या.