भुजंगराव चिताऱ्यांच्या डाव्या हाताची हकीकत

रंग आणि रेषा जिच्या ठायी एक जाहल्या त्या शारदेस दंडवत. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सर, माघमासी राज्याचे टाकसाळीत मौजूद येणेप्रमाणे: घण एक, ऐरण एक, कोरा पोलादी ठसा एक, तांब्याचा जाड पत्रा एक आणि ठसे कोरणाऱ्या द्वारकाबाई एक. कारण की, चितारी भुजंगराव यांणी उभा जन्म राज्याच्या भिंती बोलत्या केल्या, सबब त्यांची मूर्त तांब्यावर उठवून वसंतपंचमीस दरबारी अर्पावी ऐसा हुकूम जाहला, आणि डावे ते अशुभ म्हणोन कुंचला उजव्या हाती दाखवावा ऐसे कलम घातले. भुजंगराव तो जन्माचे डावखुरे. मग त्यांणी निरोप धाडिला, "उजव्या हाताने मी फक्त जेवतो. जेवणाचाच सत्कार असेल तर आचाऱ्यास बोलवा. मी येत नाही." द्वारकाबाई त्यांचीच शिष्या. हुकूम मोडावा तर टाकसाळ सुटते, पाळावा तर गुरू दरबारी येत नाहीत. मग बाई पुष्कळ वेळ ठशाकडे पाहत बसल्या, आणि छिन्नी उचलली ती मनाशी हसतच.

टाकसाळीचा रिवाज ऐसा की, ठशाची छाप आधी मेणावर घेऊन दरोग्यांस दाखवावी, आणि त्यांची मोहर जाहल्यावर ठशास कानस लाविणे तो गुन्हा. पंचमीचे सकाळी दरोगे नारोपंत दरबारी जाण्याचे घाईत आले.

बाई म्हणाल्या, "पंत, मेण तापते आहे. घटकाभर बसावे."

"मेण कशास? ठसाच दाखवा. मला काय डोळे नाहीत?" आणि ठसा पाहोन संतोषले. "कुंचला उजव्या हाती. बरे केलेत बाई, गुरूचा हट्ट चालविला नाहीत."

"हुकूम तो हुकूम. मोहर करावी."

पंतांनी मोहर केली आणि घण पडला. मग ठशात उजवे ते तांब्यावर डावे उमटले, आणि पंतांचे तोंड उतरले.

"बाई, ठसा दुरुस्त करा."

"मोहरेवर कानस? करिते. आपली पाहणी चुकली, इतुके लिहून द्यावे."

पंत फलक घेऊन पालखीत बसले, आणि वर्तमान कळताच भुजंगराव आपल्या पायांनी दरबारी आले. नगारे झडले, महाराजांनी उठोन ताजीम दिली. चिताऱ्यांनी फलक न्याहाळिला.

"द्वारके, नाक मोठे केलेस."

"आहे तेवढेच आहे, गुरुजी."

एवंच मजकूर इतुका: फलक एक, धातू तांबे, वजन बेचाळीस तोळे, हात डावा.