साहेबांची कातडी मरेना

मरायला हवी होती ती कातडी याही वेळी मेली नाही, तेव्हा चिमटाताई खुर्चीतून उठल्या, खोलीला उगाच एक चक्कर मारून परत बसल्या आणि लगेच पुन्हा उठल्या. बारीक चिमटा सदानकदा हातात, म्हणून हे नाव. आज तो चिमटाही त्यांच्या हातात टकटक वाजत होता.

काम तसं सरळ होतं. माणसाच्या पेशींपासून नखाएवढी कातडी वाटीत वाढवायची, तिच्यावर नवं क्रीम लावायचं आणि शेवटी एक रंग घालायचा. जिवंत कातडी जांभळी होते, मेलेली पांढरी राहते. दर वेळी एका वाटीत मात्र मुद्दाम जहाल साबणाचं पाणी घालायचं. ती कातडी मेलीच पाहिजे. वर्गातला ढ मुलगाही पहिला आला, तर पेपर फुटलाय असंच समजायचं ना!

इथे ढ मुलगा दर खेपेला पहिला येत होता. ताईंनी रंग बदलला, उबेची पेटी बदलली, कातडी नव्यानं वाढवली. तरी वाटी आपली जांभळीच. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना.

आणि आजच क्रीमवाल्या कंपनीच्या बाई निकाल बघायला येणार होत्या. त्यांना पटलं नाही तर क्रीम सशांवर. ससे खालच्या मजल्यावर येऊनही पडले होते.

ससे सांभाळणारे काका दारात उभे राहिले. "ताई, काय ते एकदा सांगा. मी त्यांना लळा लावू की नको?"

"लावलाय की तुम्ही आधीच."

"एकाला लावलाय. बाकीचे आपण होऊन येतात." काकांनी जांभळ्या वाटीत डोकावून पाहिलं. "कातडी कुणाची म्हणालात?"

"साहेबांची."

साहेब म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा उरलेली कातडी त्यांनी विज्ञानाला वाहिली होती. त्यावर भाषणही केलं होतं, स्वतःच.

"मग बरोबर आहे!" काका म्हणाले. "गेली कित्येक वर्षं सगळे बोलून बोलून थकले. त्यांना काही लागलं नाही, तिथं साबण काय करणार? गेंड्याची आहे ती!"

"काका, हळू! माझा इथं जीव चाललाय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय."

पण खरं सांगायचं तर ताईंच्या मनातही तेच येऊन गेलं होतं. ते अहवालात कसं लिहायचं, एवढाच प्रश्न होता.

कंपनीच्या बाई वेळेवर आल्या. सोबत साहेब, कडक इस्त्रीत, टाय चकचकीत. बाईंनी चष्मा लावून वाट्या पाहिल्या.

"साबणाचीही जांभळी? मग या चाचणीवर भरवसा काय ठेवायचा? आमचं क्रीम पास झालं तरी आम्ही कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"तेच शोधतेय, मॅडम. अजून थोडा वेळ मिळाला असता तर…"

"वेळच तर नाही. सशांचं नक्की करून टाकू या."

"नको, नको!" म्हणत ताईंनी हात हलवले. हातातला चिमटा टेबलावरच्या कॉफीच्या कपाला लागला, आणि बाईंच्या पांढऱ्या बाहीवर मोठा डाग पसरला.

"अगं बाई! माफ करा, मॅडम, माफ करा!" ताई रडकुंडीला आल्या.

"अहो, त्यात काय एवढं!" साहेब पुढे झाले. त्यांनी ताईंच्याच कपाटातली एक बाटली सराईतपणे काढली. "हे लावा. माझ्या टायवर रोज काही ना काही सांडतंच. एक थेंब टाकला की डाग गायब."

ताई बाटलीकडे बघतच राहिल्या. "साहेब… तो माझा साबण आहे. चाचणीचा."

"हो ना, उत्तम आहे!"

बाईंनी बाही चोळली. डाग होता तिथंच होता. फेसाचा पत्ता नाही.

"सर, तुम्ही रोज यातलं घेता? मग संपत कशी नाही बाटली?" बाईंनी विचारलं.

"संपेल कशी? घेतलं की तेवढंच पाणी घालून ठेवतो," साहेब अभिमानानं म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू आहे. कमी झालेली दिसायला नको."

काकांना अचानक खोकला आला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "नवा साबण करा. मी या आठवड्यात पुन्हा येते. ससे थांबतील तोवर."

ताईंनी नवा साबण केला आणि कपाटाला कुलूप घातलं. बाई पुन्हा आल्या त्या दिवशी क्रीमची वाटी छान जांभळी झाली आणि साबणाची पांढरीफटक. बाईंनी सही केली. ताईंना इतकं हलकं वाटलं, की त्या सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसल्या. काका ससे परत पाठवायला पळाले. एक सोडून.

तेवढ्यात साहेब आत आले. टायवर ताजा डाग होता. ताईंना वाटलं, आता तरी चेहरा जरा उतरेल, दोन शब्द बोलतील. साहेबांनी वाकून ती पांढरी वाटी कौतुकानं पाहिली.

"बघा, मॅडम! मी पहिल्यापासून सांगतोय, माझी कातडी फार नाजूक आहे." मग ते ताईंकडे वळले. "आणि ताई, कपाटाची किल्ली कुठंय?"