टेकडीवरची पांढरी शाळा

एका जंगलात एक तळं होतं, बाळांनो, आणि तळ्याकाठी करंजाच्या झाडाखाली सरकारी शाळा होती. बगळ्यांची पिल्लं, म्हशींची रेडकं, कावळ्यांची पोरं, सगळी एकाच गवतावर बसायची. टिटवीबाई शिकवायच्या. आवाज असा, की झोपलेल्यालाही पाठ व्हायचं.

एके दिवशी टेकडीवर पाटी लागली. 'राजहंस विद्यालय. सर्वांना प्रवेश.' संस्थापक स्वतःला राजहंस म्हणवायचा. त्याला पोहताना कुणी पाहिलं नव्हतं. पण बघायला जातो कोण?

मोराबाई म्हैस आपल्या रेडकाला, काजळीला, घेऊन तिथे गेली. राजहंस अगदी नम्रपणे म्हणाला, "आम्ही रंग बघत नाही, बाई. दार सगळ्यांना उघडं आहे. फक्त जरा अरुंद आहे."

दार बगळ्याच्या मापाचं होतं. कावळा त्यातून सहज गेला असता. त्याला सांगितलं, जागा भरल्या.

हळूहळू सगळी बगळ्यांची पिल्लं टेकडीवर गेली. तळ्यावर निम्मी वस्ती बगळ्यांची, पण तळ्याच्या शाळेत बगळा औषधालाही नाही. मग बगळेच म्हणू लागले, "बघा, तिथे कसली मुलं उरलीत!"

मी दुकानदार माणूस. एकाच ढेपेतला गूळ मी गोणीतही ठेवायचो आणि काचेच्या बरणीतही. बरणीतला महाग, तरी तोच आधी संपायचा. गिऱ्हाईकाला गूळ कुठलाही चालतो हो, गोणीपाशी उभं राहायला नको असतं.

शुभ्राबाई बगळीनंही आपल्या कापशाला टेकडीवर घातलं. मोराबाई तिची शेजारीण. तिनं विचारलं, "का गं, टिटवीबाई नीट शिकवत नाहीत?"

"शिकवण्याचं नाही हो. संगत बघावी लागते."

"आणि इतकी वर्षं आमच्या संगतीनं पोट भरलंस ते?"



मोराबाईचं खरं होतं. म्हैस गवतातून चालते, तिच्या खुरांनी टोळ उडतात, मागून येणारा बगळा ते टिपतो. बगळ्याच्या जातीचं जेवण असं म्हशीच्या पायाशी वाढलेलं असतं.

टेकडीवर गवत छान होतं. म्हैस नव्हती. कापशाला टोळाच्या सगळ्या अवयवांची नावं पाठ झाली, पण टोळ काही चोचीत येईना. पोरगं वाळत चाललं. एकदा तर बसताना त्याची फांदीच चुकली. शुभ्राबाई धावत राजहंसाकडे गेली.

"टोळ आहेत हो," राजहंस म्हणाला. "वर यायला तयार नाहीत, एवढंच."

"माझं पोर उपाशी मरेल."

राजहंसानं विचार केला. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून दार रुंद केलं आणि मोराबाईला निरोप धाडला: काजळीला पाठवा.

मोराबाई आली. "हजेरीत नाव घालणार ना तिचं?"

"हजेरीत नाही. प्रयोगशाळेच्या साहित्यात."

"बरं," मोराबाई म्हणाली. "मग साहित्य दुपारी डुंबायला तळ्यावर येईल."

काजळी सकाळभर गवतातून फिरली. ऊन तापलं तशी ती टेकडी उतरू लागली. कापशा टुणकन तिच्या पाठीवर बसला. मागोमाग सगळा वर्ग निघाला. तळ्याकाठी टिटवीबाईंचा पाढा चालू होता, त्यात ही पोरं मिसळूनही गेली. कापशानं चोच मिटेना इतके टोळ खाल्ले.

ते पाहून शुभ्राबाईच्या जिवात जीव आला. मग दुसरीच काळजी लागली. चारचौघींत सांगायचं काय?

राजहंसानं तीही सोडवली. त्यानं तळ्याकाठी गवतावर एक दोरी टाकली आणि पाटी लावली: 'राजहंस विद्यालय, दैनंदिन निसर्गसहल.' सहलीची फी वेगळी. बगळ्यांनी आनंदानं भरली.

आता पुन्हा तेच झाड, तेच गवत, त्याच टिटवीबाई.

"सहलीला आलाय हो तो, शाळेत नाही," शुभ्राबाईनं मोराबाईला बजावलं.

मोराबाई रवंथ करत होती. "असू दे," ती म्हणाली. "काजळी, जरा दोरीपलीकडून चाल गं. पाहुण्यांना भूक लागली असेल."

तात्पर्य: सगळ्यांनी एकत्र बसून शिकण्यात वाईट काहीच नाही. फक्त ते फुकट असू नये.