खिडकी नंबर तीनचा वेढा

श्री समलेश्वरी प्रसन्न. वाचणारांचे सेवेसी बंदा दिगंबर आपाजी घाटोळे, मूळ वस्ती भंडारा, हल्ली मुक्काम संबलपूर, धरणाचे मोजणीखात्यात उमर घालवून घरी बसलेला, अदबीने अर्ज करितो की नागपूरकर भोसल्यांच्या फौजा कधी काळी या मुलखी येऊन महानदी उतरल्या, त्यांचे पवाडे ज्यांनी गावे त्यांनी गावे. बंद्यास येथे एकतीस वर्षे जाहली आणि अद्याप गोलबाजारातून सणाचे दिवशी स्कूटर सुखरूप बाहेर काढिता आली नाही, सबब बंद्याची नजर लहान मोहिमांवरच ठरते. त्यांतील एक मोहीम आपल्या डोळ्यांनी पाहिली, ती यथास्थित लिहिली आहे. पदरचे मीठ जेथे घातले तेथे ते चवीपुरतेच घातले.

संबलपूर म्हणजे जिल्ह्याचे ठाणे. नदीकाठी देवीचे राऊळ, गावात विणकरांच्या मागांची खटखट, आणि मधोमध कचेरी. जन्म, मरण, जमीन, बंदूक, फटाका, यांपैकी काहीही करणे जाहल्यास रयतेने येथे यावे आणि झाडाखाली बसून पाळी येण्याची वाट पाहावी, ऐसा शिरस्ता. ज्येष्ठमासी ऊन ऐसे पडते की दोन प्रहरी कुत्रेदेखील कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बसते आणि त्याजला कोणी टोकन मागत नाही. या एवढ्या उन्हात शहराचा सर्वांत मोठा सण, तो शीतलषष्ठी. त्या सणी शंकरपार्वतीचे लग्न लागते, आणि ते नाटकाचे नव्हे, खरे. पाड्यातील, म्हणजे शहराच्या मोहल्ल्यातील, एक जोडपे मुलीचे आईबाप होते, पार्वतीची मूर्ती घरी आणून पोटच्या पोरीप्रमाणे हळद लाविते, मानपान करिते, कन्यादान करिते आणि पाठवणीस रडते. नवरदेव मात्र स्वयंभू. त्याजला बाप नाही, आई नाही, मागे भुतांची वरात तेवढी आहे.

गुडियापाड्यात यंदाचे साली मुलीचे बाप होण्याचा मान त्रिलोचन मेहेर यांस आला. हे विणकर, वय एकसष्ट, अंगाने काटकुळे, बोलण्यास कमी आणि हट्टास भारी. घरी पत्नी सुकांती, मूलबाळ नाही. एकोणीस वर्षे यादीत नाव घालून पाळी पाहत होते. पाळी आली त्या दिवशी मागावर बसले आणि चाळीस दिवस कोणाचे काम न घेता लेकीच्या लग्नाचे लुगडे विणले, लाल, काठावर शंखांची रांग. सुकांतीबाईंनी मूर्तीस कोनाड्यात न बसविता आपल्या पलंगाशेजारी बसविले आणि पंखा तिजकडे फिरविला.

ऐसे सर्व यथास्थित चालिले असता हुजुरातून नवे फर्मान सुटले की रस्त्याने जुलूस नेणाराने आधी परवाना घ्यावा. अर्जावर खाने दोन. एक ‘उत्सव’, दुसरा ‘विवाह-वरात’. बाकी पाड्यांनी डोळे मिटून उत्सवावर खूण केली आणि परवाने घेऊन घरी जाऊन पाण्यात भिजविलेला पखाळभात खाऊन निजले. गुडियापाड्याचा अर्ज मुलीचा बाप म्हणून त्रिलोचनबाबूंनी आपले हाती भरिला आणि विवाहावर खूण केली. येथून पुढे जे जाहले ते या एका खुणेने जाहले.

खिडकी नंबर तीन ही गढी बहुत बिकट. काचेला अर्धचंद्राकार भोक, आत पंखा, आणि पंख्याखाली किल्लेदार पीतांबर सुपकार, वय सत्तावन्न, नाकावर चष्मा, शिक्का नेहमी मुठीत. मशारनिल्हे लाच खाणारे नव्हेत आणि दटावणीस भिणारे नव्हेत, सबब त्यांजवर चालून जाण्यास मार्गच नव्हता. यंत्र विचारील ते रकान्यात भरले पाहिजे, एवढा एकच त्यांचा धर्म. ज्येष्ठ शुद्ध द्वितीयेस गुडियापाड्याचे सेनाधुरंधर म्हणजे मिठाईवाले सुदामचरण साहू, भटजी बनांबर पुझारी आणि मुलीचे बाप ऐसे त्रिवर्ग खिडकीवर दाखल जाहले. बंदाही मागे छत्री धरून होता.

किल्लेदार म्हणाले, “नवऱ्या मुलाचं वय?”

भटजी म्हणाले, “अनादि.”

“आकडा सांगा, महाराज. यंत्राला अनादि कळत नाही. एकवीस ते नव्याण्णव.”

“मग नव्याण्णव टाका. देव चालवून घेईल.”

त्याजवर त्रिलोचनबाबू, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, ते एकदम तडकले. “नव्याण्णवच्या म्हाताऱ्याला मी पोरगी देणार नाही!”

मग व्हरांड्यात मसलत बसली आणि बहुत घासाघीस होऊन वराचे वय अठ्ठावीस ठरले. पत्ता कैलास, तो यंत्राने कुरकुर करीत घेतला. पुढे रकाना आला, वराचे पिता अथवा पालक. तेथे मोहीम अडली. रकाना रिकामा सोडिला तर यंत्र लाल होई. ‘स्वयंभू’ लिहिले तर यंत्र घेई, परंतु भटजी लाल होत. “म्हणजे शंकराच्या बापाचं नाव स्वयंभू? अहो, सगळा घोळ झाला ना! बाप नाही म्हणून तर तो स्वयंभू!” शेवटी किल्लेदारांनी चष्मा कपाळावर चढविला आणि गढी आपण होऊन खाली करून देण्याची गोष्ट बोलिले. “मेहेरबाबू, कशाला जीव काढताय? खूण उत्सवावर करा. बाप नको, वय नको. आत्ता शिक्का मारतो.”

हे ऐकून सुदामचरणांचे मुखावर तेज आले आणि त्यांनी लेखणी काढून त्रिलोचनबाबूंचे हाती दिली. त्रिलोचनबाबूंनी लेखणी घेतली, अर्ज पाहिला, आणि लेखणी परत दिली.

“उत्सव म्हणजे मांडव आणि भोंगा. माझ्या घरी लग्न आहे.”

“अहो, कागदावरच तर लिहायचंय!”

“सुदामभाई, तुमच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर ‘वार्षिक कार्यक्रम’ छापला असता तर चाललं असतं?”

सुदामचरणांनी लेखणी खिशास लाविली. पहिला हल्ला ऐसा मोडला, आणि मोडणारा आपलाच मनुष्य.

तृतीयेस पाड्यात दाणादाण उडाली. ढोल, निसाण आणि मुहुरी वाजविणारे कसबी दूरदूरच्या गावांहून येऊन उतरले होते, ते विचारू लागले की वरात निघणार की आम्ही भात खाऊन परत जावे. हनुमान आणि नरसिंह, जे वरातीपुढे चालतात, ते सोंगाचे रंग लावून पाहत होते, ते रंग धुवून बसले. भुतांचे टोळीत फितवा होऊन चार भुते शेजारच्या पाड्यात सामील जाहली. पाणवठ्यावर बाया बोलू लागल्या की मेहेर हट्टापायी देवाचे लग्न मोडतो. एकीने सुकांतीबाईंच्या तोंडावर विचारिले, “का गं भाउज, जावयाचा बाप सापडला का?” बाई हसल्या नाहीत. घरी येऊन पाहतात तो नवरा मूर्तीपुढे लुगड्याची घडी उलगडून बसलेला, आणि म्हणतो कसा, “एकदाच मिळते गं पाळी. तीही अर्जात उत्सव म्हणून लिहून देऊ? आयुष्यात दुसरं काही मागितलं का मी?” बंदा दारात होता. बंद्याने चपला काढिल्या होत्या त्या पुन्हा घातल्या आणि परत फिरला. मनुष्य चुकत होता की बरोबर होता, हे बंद्यास तेव्हाही कळले नाही. वाईट मात्र फार वाटले.

त्याच दिवशी सुदामचरणांनी दुसरा हल्ला केला. तो रसदेचा. मुगाचे वडे आणि सरसतिया मिठाई यांचा पुडा खिडकीच्या भोकातून आत रवाना केला. किल्लेदारांनी पुडा वास घेऊन बाहेर ढकलिला आणि हुकूम केला, “मला साखर वर्ज्य आहे, आणि तुम्हाला अक्कल.” पुडा व्हरांड्यातील कुत्र्याने स्वीकारिला. दुसरी शिकस्त.

चतुर्थी उजाडली. वरातीस एक दिवस राहिला. त्या दिवशी सुकांतीबाई कोणास न सांगता उठल्या, ताटलीत सुपारी, हळदीचे तांदूळ आणि पत्रिका घेतली आणि भर उन्हात कचेरीवर चालत्या जाहल्या. बंदा आपल्या निवृत्तिवेतनाच्या कामी तेथे टोकन घेऊन बसला होता, सबब पुढील लढाई प्रत्यक्ष पाहिली. बाई रांगेत उभ्या राहिल्या, पाळी येईतो तासभर उभ्या राहिल्या, आणि मग खिडकीच्या भोकातून सुपारी आत सारली.

किल्लेदार दचकले. “हे काय?”

“निमंत्रण, दादा. उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे. घरच्या सगळ्यांना घेऊन यायचं.”

“बाई, परवाना झालेला नाही तुमचा.”

“तो तुमचा कागद. हे माझं आवतण. तुमच्याकडं कोण कोण आहे?”

किल्लेदार जरा घुटमळले. मागे रांग खोळंबली. “तीन मुली. तिन्ही दिल्या. एक झारसुगुड्याला, एक बलांगीरला, एक पार सुरतेला.”

“म्हणजे तीनदा हात जोडून उभे राहिलात.”

“मुलीचा बाप दुसरं काय करणार?” ऐसे म्हणून त्यांनी शिक्का टेबलावर ठेविला. तो त्यांचे मुठीतून सुटलेला बंद्याने प्रथमच पाहिला. “सुरतेच्या व्याह्यांनी तर पंगतीत ताटच लोटलं होतं. का, तर पापड मोडका निघाला.”

“वरपक्षाकडं कधी बसलाच नाहीत?”

“मुलगाच नाही, तर कसा बसणार?”

“तिकडं एक मुलगा आहे,” बाई म्हणाल्या, “आणि त्याला कोणी नाही.”

किल्लेदारांनी चष्मा कपाळावर चढविला. मग रांगेतला एक जण ओरडला, “ओ बाबू, सोयरीक जमवताय की दाखले देताय?” तेव्हा पीतांबरबाबूंनी चष्मा नाकावर आणिला, यंत्र पुढे ओढिले आणि जो रकाना तीन दिवस कोणा शूरास सर जाहला नव्हता, त्यात एक बोटाने आपले नाव घातले. पालक, पीतांबर सुपकार. नाते, वराकडील. यंत्र हिरवे जाहले. भटजींस बोलावून विचारिले तेव्हा त्यांनी निर्णय दिला की बाप म्हटले असते तर दोष होता, पालक एका दिवसापुरता असल्यास शास्त्र कानाडोळा करिते. शिक्का बसला. त्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, आणि कुत्रे उठून बसले.

पंचमीस वरात निघाली. ढोल वाजले, निसाण वाजले, फितूर भुते माफी मागून परत आली, हनुमान आणि नरसिंह पुढे उड्या मारीत चालले, आणि नवरदेवाच्या पालखीमागे नवा कुडता आणि डोईस फेटा घालून पीतांबरबाबू ऐसे चालले की त्यांजला कोणी ओळखेना. कचेरीतले सत्पुरुष मांडवात पोहोचताच अस्सल व्याही जाहले. बेलाचे पन्हे आले, ते गोड फार म्हणून परत केले. बिनसाखरेचे आले, ते अळणी म्हणून परत केले. खुर्चीस हात नाहीत म्हणून उभे राहिले, हाताची खुर्ची आणिली तर ती डुलते म्हणाले. शेवटी पापडाचे ताट आले. त्यांनी एक एक पापड उन्हाळी कलिंगडाप्रमाणे बोटाने वाजवून पाहिला, आणि एक मोडका सापडताच ताट लोटून रुसून बसले.

सुदामचरण कानाशी म्हणाले, “आता पुरे की हो! किती छळाल?”

“गप्प बसा. तीन लग्नांचं बाकी आहे.”

आणि त्रिलोचनबाबू? ते धन्य जाहले. खरा व्याही रुसला, म्हणजे खरे लग्न लागले. ते हात जोडून पुढे गेले, व्याह्यांची समजूत घालू लागले, नवे पापड तळवून आणिले, आणि त्यांचे मुखावर जो आनंद होता तो बंद्याने संबलपुरी एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणाचे मुखावर पाहिला नाही. कन्यादान जाहले. लुगडे मुलीस शोभले. ऐसे पाड्याचे एकमत पडले.

षष्ठीचे सकाळी पाठवण. उन्हे चढली होती, सडकेवर माणसाला पाय ठेवण्यास जागा नव्हती. सुकांतीबाईंनी पालखीत मूर्तीशेजारी पंखा ठेविला आणि तोंड फिरविले. त्रिलोचनबाबू व्याह्यांपुढे आले. बोलावयाचे ते मुलीचे बाप कायम बोलत आले तेच. “पोर लहान आहे. काही चुकलं माकलं तर पोटात घाला. सांभा...”

पीतांबरबाबू खुर्चीत होते. हेच शब्द ते तीन वेळा बोलिले होते, तीन दारांत, तीन फेट्यांपुढे. त्यांनी डोईचा फेटा उतरविला, खुर्ची सोडिली, खाली येऊन त्रिलोचनबाबूंचे जोडलेले हात आपल्या हातांनी सोडविले. “मेहेरबाबू, असं नका उभे राहू. मला बघवत नाही. नुआखाईच्या सणाला नवा भात खायला मी स्वतः घेऊन येईन तिला. तुम्ही बोलवायचीसुद्धा वाट बघणार नाही.” मग दोघे गर्दीत तसेच उभे राहिले, आणि ढोलवाल्यांनी ते पाहून थोडा वेळ ढोल थांबविले.

येणेप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध षष्ठी, मुक्काम संबलपूर, गुडियापाड्याची वरात सरकारी शिक्क्यानिशी विवाह म्हणून शहरातून फिरली आणि मोहीम फत्ते जाहली. खिडकी नंबर तीन तहाने मिळाली, वेढा तीन दिवस चालिला. लूट काही नाही. खर्ची पडले ते पापड. उभय पक्षी ठार कोणी नाही. जायबंदी इसम दोन, त्रिलोचन मेहेर आणि पीतांबर सुपकार, दोघेही मुलीचे बाप. पाहिले तैसे लिहिले.