तव्यासकट पंधरा किलो

विमान कंपनीला सामानापोटी एक छदामही जास्त द्यायचा नाही असं मी ठरवलं आणि तिथून सगळं बिघडलं.

आमची लेक ईशा बेंगळुरूला असते. तिला सातवा महिना, आणि डोहाळे कसले, तर घावण्यांचे. तिच्या त्या गुळगुळीत नॉनस्टिकवर घावण्याला जाळी म्हणून पडत नाही, ओल्या फडक्यासारखं ते निपचित पडून राहतं, असं ती फोनवर रडत सांगायची. गोदाला, म्हणजे आमच्या हिला, ते ऐकवेना. बत्तीस वर्षं तेल पिऊन काळा कुळकुळीत झालेला आपला बिडाचा तवाच लेकीला न्यायचा, असं तिनं जाहीर केलं. तव्याचं वजन तीन किलो.

जावई अजिंक्यनं कोल्हापूरहून विमानाची तिकिटं काढून पाठवली. गोदा बाळंतपण उरकून येणार, म्हणून तिचं तिकीट सामानासकट. मी दोन दिवसांत परत, म्हणून माझं नुसत्या हातपिशवीचं. (म्हणजे मीही जवळजवळ हातपिशवीच.) शेजारच्या सदूनं सांगितलं, पंधरा किलोच्या वर गेलात की ते सोलून काढतात. माझं डोकं तिथंच फिरलं. खिडकी विकता, पाणी विकता, पाय लांब करायची जागा विकता, आणि आता माझ्या लेकीच्या तव्याचंही भाडं? तिकीट एकदा नीट वाचा, असं गोदा दोनदा म्हणाली. मी वाचलं नाही. (बारीक अक्षरातलं इंग्रजी मी तत्त्व म्हणून वाचत नाही.)

मग बॅग मीच भरायला घेतली. चार महिन्यांसाठी निघालेल्या बायकोला चार साड्यांवर आणलं. आमसुलं काढली, कुळथाचं पीठ निम्मं केलं, बाळाची दोन दुपटीसुद्धा 'तिकडे मिळतात' म्हणून बाहेर ठेवली. गोदा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा आमच्या घरात भांडी बोलतात, ती मात्र बरंच बोलली.

घरातला काटा पाच किलोचा. म्हणून बॅग स्कूटरवर टाकून मी मिरकरवाडा बंदरावर गेलो. रावजी माझा शाळासोबती, तिथं मासळीचा व्यापार करतो. त्याच्या काट्यावर बॅग ठेवली, आकडा आला बरोबर पंधरा, तोही तव्यासकट. मी त्या आकड्याचा फोटोच काढून ठेवला. वजनमापे खात्यात मी तीस वर्षं काढली आहेत, मला काटा कळतो. (काटे साहेब तपासायचे. मी जावक नंबर टाकायचो.)

कोल्हापूरच्या विमानतळावर काउंटरला एक हसतमुख मुलगी होती. तिनं बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली, आकडा बघितला आणि म्हणाली, "अठरा किलो."

तिनं पुढं बोलायला तोंड उघडलं, पण मी आधीच उघडलं होतं. तुमचा काटा खोटा आहे, म्हटलं. फोटो तिच्या नाकासमोर धरला. काट्याच्या पडताळणीचा दाखला मागितला. ती "काका, ऐका तरी" म्हणत होती आणि मी तिला, तुझ्या वयाचे काटे मी नापास केलेत, असं सांगत होतो. गोदा माझी बाही ओढत होती, मागं रांग वाढत होती. शेवटी मी रावजीला फोन लावला आणि सगळ्या रांगेला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"रावजी, तुझा काटा बरोबर आहे की नाही, ते सांग यांना."

"काटा एकदम बराबर हाय," रावजी म्हणाला. "म्हावऱ्याच्या क्रेटाचे तीन किलो आधीच बाद करून ठेवलेला आसतो. तू काय क्रेट घेऊन आलेलास?"

रांग हसली. मासळी क्रेटासकट तोलतात. मी नुसती बॅग ठेवली होती, आणि काट्यानं नसलेल्या क्रेटाचे तीन किलो इमानानं वजा केले होते.

चूक कळली की माणसाचा राग उतरतो म्हणतात. माझा दुप्पट चढला. मी तिथंच बॅग उघडली, साडीत गुंडाळलेला तवा उपसून काखेत मारला आणि बॅग पुन्हा ठेवली. पंधरा. आता एक पैसा मिळणार नाही, असं बजावलं. मुलगी परत काहीतरी सांगायला लागली, तेव्हा मी पाठ फिरवून चालू लागलो.

पुढं तपासणीला जवानानं आधी तव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हा आत नेता येणार नाही, इथंच सोडा, म्हणाला. शेजारच्या टोपलीत कात्र्या आणि लायटर पडले होते. मी त्याच्याशीही भांडायला लागलो, तेवढ्यात गोदानं माझ्या काखेतून तवा काढून घेतला.

"हा लेकीपर्यंत गेला नाही, तर मीही जात नाही," ती म्हणाली आणि उलट पावली काउंटरकडं गेली.

मी दोन्ही हातपिशव्या घेऊन उभा राहिलो. कंपनीवर चिडून झालं, जवानावर झालं, रावजीवर झालं. मग चिडायला कुणी उरलं नाही आणि मला भीती वाटायला लागली. पोटुशी लेक तिकडं घावण्यांची वाट बघत होती, आणि तिला काय सांगायचं ते मला सुचेना.

पंधरा मिनिटांनी गोदा रिकाम्या हातानं आली. तवा वेगळी चिठ्ठी लावून बॅगेमागून रवाना झाला होता, आणि एक पैसाही पडला नव्हता.

"बघ," मी म्हटलं, "दम भरला की बरोबर सरळ येतात."

"अजिंक्यनं माझं पंचवीस किलोचं तिकीट काढलंय," गोदा म्हणाली. "ती पोर मघापासून तेच सांगत होती."

माझ्या डोळ्यांपुढं आमसुलं आली. मग दुपटी आली.

"अजून सात किलो शिल्लक आहेत म्हणाली," गोदा पिशवी घेत म्हणाली. "मी विचारलं, मग त्यात ह्यांनाच टाकता का?"

"मग?"

"म्हणाली, काकू, काकांचं नुसतं तोंडच सात किलोच्या वर भरतंय बघा."