अडीच तासांचा झेंडा

"माझ्या झेंड्यामागे जो येईल तो अडीच तासांच्या आत पोचेल! नाही पोचला तर दुकानाला कुलूप लावीन!"

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी ही घोषणा केली, तीही एका गिऱ्हाइकाच्या नाकावर नवी फ्रेम बसवता बसवता. गिऱ्हाईक बिचारं जवळचं दिसत नाही म्हणून आलं होतं. त्याला शर्यतीशी काही देणंघेणं नव्हतं. पण आज चष्मेवाल्यांना ऐकायला कुणीही चालणार होतं!

कारणच तसं होतं. शहरातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत त्यांना पेसर नेमलं होतं. पेसर म्हणजे पाठीवर उंच झेंडा बांधून, झेंड्यावर लिहिलेल्या वेळेत बरोबर पोचेल अशा बेतानं पळणारा माणूस. बाकीच्यांनी घड्याळ बघायचं नाही, डोकं चालवायचं नाही, झेंड्यामागे पळत राहायचं. हा मान काही येऱ्यागबाळ्याला मिळत नाही! "तुमच्यासारखा एकसारखा वेग गावात कुणाचा नाही," असं आयोजक स्वतः दुकानात येऊन म्हणाले होते.

या एकसारख्या वेगाचं गुपित फक्त तीन जणांना ठाऊक होतं, आणि ते तिघंही पेस्ट्री विकत होते.

दर रविवारी चष्मेवाले घरून पळायला निघायचे ते थेट चौकातल्या दुकानात. तिथे क्रीम रोल. मग पेट्रोल पंपाजवळच्या गल्लीत वळायचं, कारण तिथल्या केकवाल्या बाईंचा ट्रे त्याच सुमाराला ओव्हनमधून बाहेर यायचा. लवकर पोचलं तर ताटकळावं लागे, आणि उशीर झाला तर बदामी पफ संपलेले असत. मग पुलापलीकडे एक्लेअर. अशी वेळ सांभाळता सांभाळता त्यांच्या पायांना आपोआप वळण लागलं होतं. लोक ज्याला शिस्त म्हणत होते ती खरं तर भूक होती.

हे घरी सांगायची सोय नव्हती. त्यांच्या सौभाग्यवती दातांच्या डॉक्टर! घरात साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, तोही पाहुण्यांसाठी. "आमच्या ह्यांना गोडाची आवडच नाही," असं त्या दवाखान्यात अभिमानानं सांगायच्या, आणि तोंडात नळी असलेला पेशंट काय बोलणार? एवढं पळूनही पोट कसं कमी होत नाही, हे कोडं मात्र त्यांना सुटत नव्हतं. चष्मेवाले म्हणायचे, "अगं, ते पोट नाही. स्नायू आहेत!"

आणि यंदा डॉक्टरीणबाई स्वतः त्यांच्याच झेंड्यामागे पळणार होत्या. ही शर्यत अडीच तासांच्या आत संपवायची असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दोनदा थोडक्यात हुकलं होतं. गेल्या खेपेला तर अवघ्या काही सेकंदांनी! त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या आणि कुणाशी बोललेल्याही नव्हत्या.

"यंदा शेवटचा प्रयत्न," बुटाची नाडी बांधताना त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर पळणं बंद. मी डोळे मिटून तुमच्या मागे येणार आहे, अहो."

"डोळे मीट नाहीतर झोप काढ! पोचवायची जबाबदारी माझी!" चष्मेवाले म्हणाले.

शर्यत सुटली. काय तो थाट! पुढे चष्मेवाले, पाठीवर झेंडा फडफडतोय, मागे तीसेक माणसांचा घोळका आणि घोळक्यात सगळ्यात पुढे बायको. लग्नानंतर इतक्या मुकाट्यानं ती कधी त्यांच्या मागून चालली नव्हती! त्यांची छाती झेंड्याच्या वर गेली. मागे वळून वळून ते सूचना देऊ लागले. श्वास नाकानं! खांदे सैल! चढावर पावलं छोटी! वेग तर असा, की घड्याळानं यांच्याकडे बघून वेळ लावावी.

पेट्रोल पंप आला तेव्हा श्वासावरचं व्याख्यान रंगात आलं होतं. शर्यतीचा रस्ता सरळ जात होता. चष्मेवाल्यांची जीभ व्याख्यानात, मन कौतुकात, आणि पाय? पाय आपले रविवारच्या सवयीनं डावीकडे वळले!

कोपऱ्यावरच्या पोलिसाला वाटलं, झेंडाच वळला म्हणजे रस्ता हाच असणार. त्यानं शिट्टी फुंकून गल्लीतली वाहनं थांबवली आणि वर सलामही ठोकला! तीसही जण मागोमाग वळले.

चष्मेवाल्यांनी दार ढकललं. झेंडा चौकटीत अडकला, तो त्यांनी सराईतपणे वाकवून आत घेतला. लोण्याचा आणि भाजलेल्या बदामांचा वास आला. हात पुढे झाला आणि पफ तोंडात गेला.

"या या, चष्मेवाले! अगदी वेळेवर! नेहमीसारखे दोनच ना?" केकवाल्या बाई म्हणाल्या.

"नेहमीसारखे?" मागून आवाज आला.

तो आवाज ऐकून चष्मेवाल्यांना आपण कोण, कुठे आणि कशासाठी निघालो होतो ते सगळं एकदम आठवलं. त्यांची बोबडीच वळली. तशीही ती वळणारच होती, कारण तोंडात अख्खा पफ होता!

तोवर सगळा घोळका आत घुसला होता. "अरे वा! यंदा खाण्याची सोय झकास केली आहे!" एक दाढीवाला म्हणाला आणि त्यानं ट्रेवर हात मारला. "गेल्या वर्षी नुसती केळी होती!" दुसरा म्हणाला. चष्मेवाले दोन्ही हात हलवून "म्म! म्म!" करत होते. लोकांना वाटलं, आग्रह करताहेत. मग काय, ट्रे रिकामा झाला!

डॉक्टरीणबाई केकवाल्या बाईंकडे वळल्या. "हे इथे नेहमी येतात?"

"दर रविवारी! ह्यांच्या वेळेवर तर ओव्हन लावते मी! इथून मग पुलापलीकडे एक्लेअर खायला जातात. आधी चौकात क्रीम रोल झालेलाच असतो." बाई कौतुकानं सांगत होत्या. "आपण कोण?"

"मी ह्यांची बायको. दातांची डॉक्टर."

दुकानात सगळ्यांचं चावणं थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पाहून चष्मेवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"झेंडा काढा."

"अगं, ऐक तरी..."

"काढा म्हणते ना!"

त्यांनी झेंडा स्वतःच्या पाठीवर आवळून बांधला. "ज्यांना अडीच तासांत पोचायचं आहे त्यांनी माझ्यामागे या! तोंडातलं पळता पळता संपवा! आणि नीट चावून!"

"पैशांचं नंतर बघू, आधी पळा!" केकवाल्या बाई ओरडल्या. आता त्याही पेटल्या होत्या.

घोळका सुसाट सुटला. जिथून वळले होते त्याच कोपऱ्यावर परत आले आणि सरळ रस्त्याला लागले. पोलिसानं पुन्हा सलाम ठोकला. चष्मेवाले सगळ्यांच्या मागे, पफचा तुकडा घशात, एक हात कमरेवर. एकसारखा वेग वगैरे सगळं पार धुळीला मिळालं होतं. समोर झेंडा लांब लांब जात होता. त्याखाली त्यांची बायको अशी पळत होती, की व्याख्यान द्यायला कुणी नसल्यामुळे तिचा श्वास बहुधा पहिल्यांदाच नीट चालला असावा. चष्मेवाल्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि तिचा अभिमान वाटत होता. पूल ओलांडेपर्यंत अभिमान पुढे गेला. एक्लेअरच्या दुकानाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही!

चष्मेवाल्यांचं शेवटचं वळण अजून बाकी होतं तेव्हा कर्णा गरजला. "अडीच तासांचा झेंडा आला! वेळेच्या आत! अख्खा गट वेळेच्या आत!"

चष्मेवाले जागच्या जागी उडी मारायला गेले आणि पायात गोळा आला. लंगडत लंगडत ते रेषेपाशी पोचले तेव्हा कर्णेवाला विचारत होता, "आणि हे मागून येणारे गृहस्थ कोण?"

"मी तिचा नवरा!" चष्मेवाले सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले.

डॉक्टरीणबाई गळ्यात पदक घालून उभ्या होत्या. त्यांच्याभोवती सगळा गट नाचत होता. दाढीवाल्यानं तर चष्मेवाल्यांना मिठीच मारली. "इतकं मजेत मी कधी पळलोच नाही! पुढच्या रविवारी आम्हाला सगळी दुकानं दाखवाल का?"

चष्मेवाल्यांनी भीत भीत बायकोकडे पाहिलं.

"दाखवा की," त्या हसून म्हणाल्या. "सगळ्यांना न्या!"

केवढं हे मन! ही बाई आपली बायको आहे, हे पुन्हा एकदा ओरडून सांगावं असं चष्मेवाल्यांना वाटलं.

"फक्त सोमवारी सकाळी सगळ्यांनी दवाखान्यात यायचं," डॉक्टरीणबाई घोळक्याला म्हणाल्या. मग चष्मेवाल्यांची हनुवटी दोन बोटांत धरून त्यांनी उजेडाकडे वळवली.

"तुमचा नंबर आत्ताच. आ करा."