निःसंदिग्ध मेंढी

मेंढीला ताप आला तर तो इंग्रजीतून कळवावा, असा आमच्या तालुक्यात नियम आहे. नियमाला कारणही आहे. लशीची मागणी वर जाते आणि वर मराठी समजत नाही. वर म्हणजे नेमके कुठे, हे विचारण्याचा उद्धटपणा आजवर कोणी केलेला नाही. मला स्वतःला इंग्रजी येत नाही. त्यावाचून माझे काही अडले नाही आणि माझ्यावाचून इंग्रजीचेही काही अडलेले दिसत नाही.

साखऱ्याच्या अलीकडे आमची वाडी आहे. गेल्या आषाढाच्या तोंडावर मल्हारी आणि त्याची बायको सिंधूबाई माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. मल्हारीचे सारे वैभव म्हणजे त्याची मेंढरे. त्यांनी कपाळावर पांढरा टिळा असलेली एक मेंढी सोबत आणली होती. तिचे नाक गळत होते आणि अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

"थोरल्या बाई, आणखी तिघी-चौघी मान टाकून राहिल्या," मल्हारी म्हणाला. "दवाखान्यात लस हाय. बाकीच्या कळपाला आत्ताच टोचली तर वाचंल, असं डाक्टरच म्हणून राहिले. पण अर्जाबिगर बाटली उघडत न्हाई. अर्ज बी इंग्रजीत पाह्यजे."

माझी नात प्रतिक्षा हिंगोलीला शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवते. ती सुट्टीला आलेली होती. मी तिला बसवले आणि "लिही" म्हणाले. तिने एकाच वाक्यात सारे बसवले: ताप, मेंढी, मेंढी घेऊन आलेली सिंधूबाई, मालक मल्हारी आणि लस तातडीने द्यावी ही विनंती. मग आम्ही सगळे माझ्या जीपमधून निघालो. मेंढी मागे बसली.

जनावरांच्या दवाखान्याच्या कचेरीत 'निःसंदिग्धता कक्ष' नावाची नवी खोली उघडली होती. कक्षप्रमुख नरसिंगराव पूर्वी पाझर तलावांच्या गळतीचे काम पाहत. तलाव गळायचे थांबले नाहीत, तेव्हा त्यांना वाक्यांवर नेमण्यात आले. त्यांनी प्रतिक्षाचे वाक्य शब्दाखाली बोट ठेवून वाचले आणि चष्मा काढला.

"या वाक्यात ताप कोणाला आहे?"

"मेंढीला," मी म्हणाले.

"ते आपण म्हणता. वाक्य तसे म्हणत नाही. तापाचे विशेषण सिंधूबाईंच्या शेजारी बसले आहे. आम्ही बाईंना मेंढीची लस का टोचली, अशी उद्या वरून विचारणा झाली तर उत्तर कोणी द्यायचे?"

"अवो साहेब, मेंढी समोर उभी हाय की," सिंधूबाई म्हणाली. "हात लावून पाहा."

मेंढी शिंकली. नरसिंगरावांनी अर्ज चटकन मागे ओढला.

"मेंढी पुरावा म्हणून धरता येत नाही. ताप वाक्यातून सिद्ध झाला पाहिजे. मात्र अर्जात तिचा उल्लेख आलेला आहे, त्यामुळे निर्णय होईपर्यंत ती संदर्भ म्हणून इथेच राहील."

शिपायाने मेंढी खिडकीच्या गजाला बांधली. शेजारच्या खोलीत डॉक्टर रविंद्र बसले होते. त्यांच्या पाठीमागे फ्रीज होता आणि फ्रीजमध्ये लस होती. मी दारातूनच विचारले, "डॉक्टर, तुम्हाला या जनावराचा ताप दिसतो की नाही?"

"दिसतो, बाई. पण नुसता दिसून चालत नाही. तो मला कळवला गेला पाहिजे."

प्रतिक्षाने तिथल्या तिथे शब्द हलवले. ताप मेंढीकडे गेला. पण त्या हालचालीत 'मल्हारीच्या मालकीची' हे शब्द घसरून सिंधूबाईपाशी आले, आणि कक्षाने स्त्रीसन्मानाच्या मुद्द्यावर अर्ज पुन्हा परत केला. सिंधूबाईने अर्थ विचारला. प्रतिक्षाने चाचरत सांगितला.

"मंग त्यात खोटं काय लिव्हलं?" सिंधूबाई म्हणाली. "लगीन झाल्यापासून तेच तर चालून राहिलं."

मल्हारी खांद्यावरची घोंगडी नीट करू लागला. कक्षात हसण्याची तरतूद नसल्याने कोणी हसले नाही.

आम्ही वाडीवर परतलो तेव्हा वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीत, काही मेंढ्या उठल्याच नाहीत.

पुढचा अर्ज 'तातडीने' या शब्दावर अडला. त्यासाठी समिती नेमली गेली. लस तातडीने द्यायची, मेंढ्या तातडीने मरत आहेत, की अर्जदार तातडीने आला आहे, असा समितीचा प्रश्न होता.

"तिन्ही," मी म्हणाले.

"तिन्ही चालत नाही, बाई. एक निवडावे लागेल."

निवड करायला वेळ लागेल, असे पाहून समितीने तो शब्दच बहुमताने काढून टाकला. वाक्य हलके झाले आणि काम सावकाश झाले.

दोष मेंढपाळांच्या इंग्रजीचा आहे, असा समितीचा निष्कर्ष निघाला. साखऱ्याच्या शाळेत कार्यशाळा भरली. बाहेरून पुनमचंद नावाचे तज्ज्ञ आले. प्रत्येकाला एक लाल पेन आणि पोह्यांची बशी देण्यात आली. हजेरी लावल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता, म्हणून मल्हारी पहिल्या बाकावर बसला.

"पशुपालकांच्या दुःखाचे मूळ," पुनमचंद म्हणाले, "जागा चुकलेल्या विशेषणात आहे."

मल्हारी उठला. "गुर्जी, आमचं दुखणं जाग्यावरच हाय. माळावर पडलंय. चला, दावतो."

पुनमचंद हरखून गेले. "ऐकलेत? किती सुटसुटीत वाक्य! जिथला शब्द तिथे!" टाळ्या झाल्या. मल्हारीला प्रमाणपत्र मिळाले. माळावर कोणी गेले नाही.

लाल पेन मात्र वाडीला चांगलेच मानवले. ज्यांच्या खिशात कधी विडीशिवाय काही नव्हते, त्यांच्या खिशाला पेन लागले. लग्नपत्रिका वाटायला आलेल्याला लोक दारातच थांबवून वधू कोणाची कन्या ते पुन्हा नीट सांग म्हणू लागले. शेजारच्या गावी शोकसभेत श्रद्धांजली वाहणाऱ्याला मध्येच अडवून विचारण्यात आले, की थोर कोण, गेलेला की बोलणारा? सभा तिथेच मोडली. मयताचा फोटो उचलायचे भान कोणाला राहिले नाही.

अखेर वाक्य मंजूर झाले. शेवटची अडचण अशी होती, की आजारी मेंढ्या कोणत्या आणि निरोगी कोणत्या, हे वाक्यातून स्पष्ट होत नव्हते. ती अडचण आपोआप दूर झाली. माळावर एकही मेंढी उरली नव्हती.

डॉक्टर रविंद्र बर्फाच्या डब्यात लस घेऊन स्वतः आले. सिंधूबाई रिकामी वाघर गुंडाळत होती.

"काहून आले डाक्टर? आता कोणाला टोचता, खुंट्याला?"

डॉक्टरांनी डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि ते परत गेले.

आमच्या कक्षाचे वाक्य साऱ्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरले. त्याला चौकट करून समारंभ ठेवण्यात आला. लाभार्थी म्हणून मल्हारीला मंचावर बोलावून दोन शब्द बोलायला सांगितले. तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "माझी मेंढरं मेली."

नरसिंगरावांचे डोळे भरून आले. "एकही विशेषण नाही!" ते म्हणाले. "शंकेला कुठे जागाच नाही! बंधूंनो, याचसाठी हा कक्ष आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी निघून जाण्यासाठी उठले. मी मानवंदना देते आहे असे वाटून सारे सभागृह उठून उभे राहिले.

ही हकीकत लिहून मी हिंगोलीतल्या काही सुशिक्षित माणसांना वाचायला दिली. प्रत्येकाने ती लाल करून परत केली. एकाने स्वल्पविराम हलवले, एकाने माझे वाक्य लांबल्याचे कळवले. त्यांच्यावर हसू नका. तुम्हीही इथवर आलात, नरसिंगरावांना मनसोक्त हसलात आणि स्वतःला शहाणे समजलात. या हकीकतीत कचेरीच्या खिडकीला मी एक मेंढी बांधून ठेवली होती. तिचे पुढे काय झाले, हे तुम्ही मध्ये एकदा तरी थांबून विचारलेत का?

सिंधूबाई रोज पायी जाऊन तिच्यापुढे पाला टाकत होती. तुम्ही विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. तिचा ताप तिचा तिनेच उतरवला. ती जिवंत आहे. मल्हारीच्या कळपात आता तेवढीच आहे. परंतु दप्तरी तिची नोंद झालेली असल्याने अर्जाशिवाय तिला सोडता येत नाही.

प्रतिक्षाने त्या अर्जाचे पहिले वाक्य लिहून ठेवले आहे. या, दुरुस्त करा. पेन तुमच्या खिशात आहेच.